त्या रात्रीची झोंबी

आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळाने गेल्या ऑक्टोबर महिन्यात माझ्याकडे एक अर्ज आणला. एकतीस तारखेला चर्चच्या सभागृहात 'हॅलोविन' साजरा करण्याची परवानगी त्यांना हवी होती. भोपळे, मुखवटे, कोळ्यांची जाळी, सांगाड्यांचे पोशाख अशी सारी यादी अर्जाला जोडलेली होती. मी परवानगी नाकारली. सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. तिच्या दुसऱ्या दिवशी संतांचा सण आणि तिसऱ्या दिवशी मृतात्म्यांचे स्मरण. ज्या आठवड्यात आपण आपल्या वाडवडिलांच्या कबरी झाडून, धुऊन, झेंडूच्या फुलांनी सजवतो आणि त्यांच्यावर मेणबत्त्या लावतो, त्याच आठवड्यात सांगाड्याचा वेश घालून नाचावे हे माझ्या मनाला पटेना.

मुले हिरमुसली. त्यांच्यातला एक तरुण मुंबईत चित्रपट-संकलनाचे शिक्षण घेतो. त्याने तडजोड सुचवली. "फादर, निदान एक सिनेमा तरी दाखवू द्या. जुना आहे, कृष्णधवल आहे. जगातल्या थोर सिनेमांत त्याचं नाव घेतात. नंतर चर्चा ठेवू. त्याला एवढं मोठं का म्हणतात ते तुम्हीच आम्हाला सांगा."

चित्रपटाचे नाव होते 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', म्हणजे जिवंत प्रेतांची रात्र. साल १९६८. माझा जन्मही त्याच सालचा. समवयस्काला दारातून परत पाठवणे बरे दिसेना, म्हणून मी होकार दिला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो याच्याविषयी मी पूर्वी वाचले होते; चित्रपट मात्र पाहिला नव्हता. सेमिनरीत आमच्या पिढीला चित्रपटाकडे तुच्छतेने पाहायला शिकवले नव्हते. १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीच्या निमित्ताने, व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली होती. तिच्यात रक्तपिपासू पिशाच्चाची कथा सांगणारा 'नोस्फेरातू' हा १९२२ सालचा जर्मन मूकपटही होता. तेव्हा भयपट म्हणजे निषिद्ध, असे काही आपल्या धर्मसभेचे म्हणणे नाही.

मुलांनी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले : 'झोंबी चित्रपट. चर्चा : फादर.' त्याचा एक गमतीदार परिणाम झाला. आमच्या गावातले एक निवृत्त मास्तर, वयाची ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत वेळेआधीच येऊन पहिल्या रांगेत बसले. आनंद यादवांच्या 'झोंबी' या साहित्य अकादमी पारितोषिकप्राप्त आत्मचरित्रात्मक कादंबरीवर कोणी चित्रपट काढला असावा, अशी त्यांची समजूत! मी खरा प्रकार सांगितला. ते हसले आणि म्हणाले, "आलोच आहे तर बघतो. या वयात प्रेतांची भीती ती काय?"

चित्रपट दीड तासाचा. संपल्यावर दिवे लागले, तेव्हा तरुण मंडळींच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा कंटाळाच अधिक होता. त्यांनी 'ट्रेन टू बुसान' हा २०१६ सालचा कोरियन चित्रपट पाहिला होता. त्यातली प्रेते वाऱ्यासारखी धावतात, एकमेकांच्या अंगावर चढून मनोरे रचतात. एक मुलगी म्हणाली, "फादर, यातली भुतं तर माझ्या आजोबांपेक्षा हळू चालतात. एवढं नाव कशासाठी?"

प्रश्न रास्त होता. नावलौकिक हा पुष्कळदा वारसाहक्काने मिळालेल्या जमिनीसारखा असतो. मूळ मालकाने काय कष्ट केले होते, हे नातवंडांना ठाऊक नसते. म्हणून आधी त्या चित्रपटाची जन्मकथा सांगितली पाहिजे.

पिट्सबर्ग हे अमेरिकेतील पोलादाचे शहर. तेथे तरुण रोमेरो आपल्या मित्रांबरोबर जाहिरातपट बनवीत असे. फ्रेड रॉजर्स या प्रेस्बिटेरियन पाळकाच्या लहान मुलांसाठीच्या दूरदर्शन-कार्यक्रमासाठीही त्याने लघुपट केले होते. स्वतःचा पूर्ण लांबीचा चित्रपट काढायचा, तर पैसा नाही. तेव्हा दहा जणांनी प्रत्येकी सहाशे डॉलर घातले आणि काम सुरू केले. एकूण खर्च एक लाख चौदा हजार डॉलरच्या आसपास गेला; हॉलिवूडच्या हिशेबाने ही चिल्लरच. रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले. निर्मात्यांपैकीच काहींनी भूमिका केल्या. कार्ल हार्डमन या निर्मात्याने पडद्यावर हॅरी नावाच्या बापाचे काम केले, तर त्याच्या खऱ्या मुलीने त्या बापाच्या आजारी मुलीचे. कृष्णधवल फीत निवडण्यामागे काटकसर होती. परंतु तिच्यामुळेच त्या रात्रीला वार्तापटासारखा खरेपणा आला.

१ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गमध्ये पहिला खेळ झाला. वयानुसार चित्रपटांचे वर्गीकरण करण्याची पद्धत अमेरिकेत त्यानंतर महिन्याभराने लागू झाली. त्यामुळे पुढच्या काही महिन्यांत दुपारच्या खेळांना शाळकरी मुलेही येऊन बसत. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी अशाच एका खेळाचा वृत्तान्त १९६९ च्या जानेवारीत लिहिला. आरंभी आनंदाने किंचाळणारी मुले पुढे पुढे कशी मूक झाली आणि काही कशी रडू लागली, याचे ते वर्णन आहे. वितरकांनी चित्रपटाचे मूळ नाव बदलले, आणि नव्या नामफलकावर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे त्या एका ओळीअभावी चित्रपट सार्वजनिक मालकीचा ठरला. निर्मात्यांचे मोठे नुकसान झाले, परंतु चित्रपट जगभर पसरला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तो १९७० साली दाखवला आणि पुढे २०१६ साली त्याची जीर्णोद्धारित प्रतही सादर केली. १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत त्याचा समावेश झाला. आमच्या सभागृहात तो विनाशुल्क दाखवता आला, तोही त्या विसरलेल्या ओळीच्या कृपेने.

'झॉम्बी' हा शब्द या चित्रपटात एकदाही उच्चारला जात नाही. तो हैतीमधून आलेला. उसाच्या मळ्यांत राबवल्या गेलेल्या गुलामांच्या वंशजांमध्ये ही कल्पना रुजली : मेल्यावरही सुटका नाही, मांत्रिक उठवील आणि पुन्हा कामाला जुंपील. म्हणजे मुळात झॉम्बी हा भिण्याचा नव्हे, कीव करण्याचा विषय होता. रोमेरोने मांत्रिक काढून टाकला. त्याचे मृत कोणाचेही गुलाम नाहीत. ते केवळ भुकेले आहेत, आणि त्यांचा दंश झालेला माणूस मरून त्यांच्यातलाच एक होतो. आज जगभर झॉम्बी म्हणून जे ओळखले जाते, ते बहुतांशी या एका चित्रपटाने घडवले आहे.

परंतु एखादी प्रथा सुरू करणे वेगळे आणि थोर असणे वेगळे. चित्रपटात दोष आहेत, हे मी मुलांपाशी मोकळेपणाने मान्य केले. काही नटांचा अभिनय लाकडी आहे. मृत का उठले याचे कारण म्हणून शुक्र ग्रहाकडून परतलेल्या यानाच्या किरणोत्सर्गाची जी कथा सुचवली आहे, ती बाळबोध आहे. नायिका बार्ब्रा पहिल्या वीस मिनिटांनंतर जवळजवळ दगडी पुतळ्यासारखी बसून राहते. एका स्त्रीला इतके निरुपयोगी दाखवणे आज खटकते. आणि या चित्रपटाच्या यशानंतर मांस फाडण्याच्या दृश्यांची जी पैदास झाली, तिचे पापही काही अंशी त्याच्याच पदरात जाते.

मग उरते काय? उरते ते एक घर आणि त्यात अडकलेली सात माणसे.

शेतावरचे एकाकी घर. बाहेर मृतांचा वेढा. बेन नावाचा तरुण खिडक्या-दारांवर फळ्या ठोकतो. तळघरात आधीच हॅरी कूपर, त्याची बायको, दंश झालेली मुलगी आणि एक तरुण जोडपे लपून बसले आहे. बेनचे म्हणणे असे, की वरच राहावे; वेळ आली तर पळता तरी येईल. हॅरीचे म्हणणे असे, की तळघरात उतरावे आणि एकुलते एक दार आतून पक्के लावावे. दोघेही हट्टी. बाहेरच्या मृतांपेक्षा त्यांना एकमेकांचाच अधिक राग येतो. पुढे बेन बाहेरून जीव घेऊन पळत येतो, तेव्हा हॅरी त्याला दार उघडत नाही. बेनला ते फोडून आत यावे लागते. आत येताच तो आधी दार पुन्हा बंद करतो आणि मग हॅरीला मारतो.

चर्चेत मास्तरांनी काठी उचलून बोलण्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, "मी चुकीचा सिनेमा बघायला आलो असं मघाशी वाटलं. पण झोंबी होती की! दाराबाहेर नव्हती, घरात होती." सभागृहात टाळ्या पडल्या. त्या क्षणी मुलांचा कंटाळा गेला असे मला दिसले.

बेनची भूमिका करणारा ड्युएन जोन्स कृष्णवर्णीय होता. पात्राच्या वर्णाविषयी मूळ संहितेत काही लिहिलेले नव्हते. चाचणीत तो सर्वांत चांगला ठरला म्हणून त्याला घेतले, असे रोमेरो सांगत असे. परंतु १९६८ च्या अमेरिकेत गोऱ्या बापाशी बरोबरीने भांडणारा, गोऱ्या माणसांना आज्ञा करणारा कृष्णवर्णीय नायक पडद्यावर दिसणे ही साधी गोष्ट नव्हती. त्या वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. तयार चित्रपटाची प्रत मोटारीत घालून आपण न्यूयॉर्कला निघालो होतो, तेव्हा वाटेत रेडिओवर ती बातमी ऐकली, असेही रोमेरो सांगे. चित्रपटाच्या शेवटी बेन रात्रभर टिकतो. सकाळी बंदूकधारी गोऱ्या स्वयंसेवकांची टोळी येते. खिडकीत काहीतरी हलते आहे एवढेच पाहून त्यातला एक गोळी झाडतो. तो मृत की जिवंत, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. त्यानंतर केवळ स्थिरचित्रे : लोखंडी आकडे, ओढत नेलेला देह, लाकडांचा ढीग, आग.

मुलांनी विचारले, "पण दिग्दर्शकाच्या मनात ते नव्हतंच, तर त्याचं श्रेय त्याला का द्यायचं?" येथे मला सेमिनरीतल्या बायबल-अभ्यासाची आठवण झाली. पवित्र लेखकाला ज्याची पूर्ण जाणीव नव्हती, असा अधिक भरलेला अर्थ त्याच्या शब्दांत असू शकतो, आणि काळ तो उलगडतो, असे आमचे प्राध्यापक शिकवीत. लॅटिनमध्ये त्याला 'सेन्सुस प्लेनिओर' म्हणतात. चित्रपट म्हणजे काही धर्मग्रंथ नव्हे. तरीही प्रामाणिकपणे केलेल्या कामात कर्त्याच्या हेतूपेक्षा अधिक काही उतरू शकते, हा अनुभव सुताराला, शिक्षकाला आणि प्रवचनकारालाही आहे.

मात्र ज्या गोष्टीने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही, ती वेगळीच होती. ती संकलन शिकणाऱ्या मुलाने दाखवून दिली. तो म्हणाला, "फादर, तुमच्या लक्षात आलं का? बरोबर हॅरीच होता. तळघरच सुरक्षित होतं. शेवटी बेनही तिथेच उतरला आणि म्हणूनच सकाळपर्यंत वाचला."

खरेच होते. ज्याला आपण दीड तास खलनायक मानले, त्याचा हिशेब अचूक होता. नायकाची योजना फसली. तिच्यापायी तरुण जोडपे जळून मेले. तरीही सभागृहातल्या एकालाही हॅरीविषयी आदर वाटला नाही. त्याची चूक हिशेबात नव्हतीच. दाराबाहेर माणूस हाका मारीत असताना त्याने कडी काढली नाही, ही त्याची चूक होती. बरोबर असणे आणि चांगले असणे यांतले अंतर इतक्या स्पष्टपणे दाखवणारी कलाकृती मी फार थोडी पाहिली आहेत. मी त्या मुलाचे कौतुक केले, समारोपाची प्रार्थना घेतली आणि निवासस्थानी परतलो.

परतलो, पण चित्रपटातले आणखी एक दृश्य डोळ्यांपुढून हलेना. घरातल्या दूरदर्शन संचावर एक तज्ज्ञ डॉक्टर सूचना देत असतो. नुकत्याच मेलेल्या आप्तांचे देह तत्काळ बाहेर ओढून जाळून टाका. अंत्यविधीने मिळणारे सांत्वन शोकाकुलांना आता सोडावे लागेल, असा त्याच्या बोलण्याचा आशय. आवाज कोरडा, घाईचा. तो आवाज मी कोठे ऐकला होता, हे आठवायला मला बराच वेळ लागला. तो माझाच होता.

२०२१ सालचा एप्रिल महिना. करोनाची दुसरी लाट. आमच्या दफनभूमीत ज्या आठवड्यात एरवी एखादा दफनविधी व्हायचा, त्या आठवड्यात दिवसाला दोन होऊ लागले. त्यातला एक देह आमच्या धर्मग्रामातल्या एका वृद्ध गृहस्थांचा होता. आयुष्यभर त्यांनी एक सेवा केली होती : मृतात्म्यांच्या दिवसाआधी दफनभूमीतल्या ज्या क्रुसांना विचारणारे कोणी उरले नाही, त्यांना ते स्वतः चुना लावीत. शवपेटीला खांदा द्यायला माणूस कमी पडला, तर पहिली हाक त्यांनाच.

रुग्णवाहिकेतून देह आला तो प्लास्टिकच्या बंद पिशवीत. आपादमस्तक पांढरा पोशाख घातलेले दोन तरुण कर्मचारी सोबत होते. मुलगा स्वतः रुग्णालयात. फाटकाशी पत्नी आणि मुलगी, दोघीच. मी कबरीपासून वीस-पंचवीस फुटांवर उभा होतो. तोंडावर दोन मुखपट्ट्या, हातांत मोजे. मावशींनी दुरूनच हात जोडले आणि म्हणाल्या, "फादर, एकदा तोंड तरी बघू द्या. चाळीस दिवस झाले नाहीत, आम्ही लग्नाची पन्नास वर्षं साजरी केली. तुम्हीच मिस्सा केली होती."

त्या कर्मचाऱ्यांपैकी एकाचा हात पिशवीच्या चेनवर गेला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली : नाही. आणि मोठ्याने म्हणालो, "नियम नाही, मावशी. मागे व्हा."

विधी मी आटोपता घेतला. पवित्र पाणी आणले होते; ते शिंपडण्यासाठी जवळ जावे लागले असते, म्हणून बाटली खिशातच राहिली. सारे मिळून सात-आठ मिनिटे. निवासस्थानी येऊन मी कपडे गरम पाण्यात टाकले आणि मनाशी म्हणालो, कठोर वाटले असेल, पण योग्य तेच केले.

इतकी वर्षे मी हेच म्हणत आलो होतो. चित्रपट पाहून आल्यावर त्या रात्रीही प्रथम तेच म्हणालो : हॅरी बरोबर होता तसा मीही बरोबर होतो, फार तर आवाज मृदू ठेवायला हवा होता. मग काय वाटले कोण जाणे, कपाटातून त्या काळच्या परिपत्रकांची धारिका काढली. मृतदेहांच्या व्यवस्थेसंबंधी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचना तिच्यात होत्या. तेव्हा त्या मी वरवर चाळल्या होत्या. त्या रात्री ओळ न ओळ वाचली. देहाला स्पर्श, आलिंगन, चुंबन यांना मनाई होती. परंतु आप्तांना अखेरचे दर्शन घेता यावे म्हणून योग्य काळजी घेऊन कर्मचाऱ्यांनी पिशवी चेहऱ्यापुरती उघडण्यास मुभा होती. धर्मग्रंथाचे वाचन करण्यास आणि पवित्र पाणी शिंपडण्यासही मुभा होती. स्वच्छ शब्दांत लिहिले होते.

म्हणजे हॅरीइतकासुद्धा मी बरोबर नव्हतो. 'नियम नाही' हे माझ्या भीतीचे टोपणनाव होते. त्या कर्मचारी मुलाला नियम माहीत होता; मला माहीत नव्हता, आणि माहीत करून घेण्याची मी तसदी घेतली नव्हती. खिडकीत कोण हलते आहे हे न विचारता गोळी झाडणाऱ्याने तरी याहून वेगळे काय केले होते?

मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक. राजाची मनाई झुगारून, जिवावर उदार होऊन मृतांना पुरणाऱ्या तोबीतावर मी अनेक प्रवचने दिली आहेत. लाजरसाच्या कबरीपाशी चार दिवसांच्या मृतदेहाच्या दुर्गंधीची धास्ती घरच्यांनी बोलून दाखवली, तरी प्रभूने धोंड काढायला लावली आणि बाहेर आलेल्या लाजरसाची वस्त्रे सोडायला सांगितली, हेही मी कितीदा तरी समजावले आहे. प्रवचन देणे सोपे असते. चेनवरचा हात थांबवणारी मान त्याहूनही सोपेपणाने हलते.

दोन दिवसांनी मृतात्म्यांचा दिवस. संध्याकाळी दफनभूमीत मिस्सा झाली, कबरींना आशीर्वाद दिला. लोक पांगल्यावर मावशी आपल्या पतीच्या कबरीपाशी बसलेल्या दिसल्या. मी जवळ जाऊन बसलो आणि परिपत्रकात काय लिहिले होते ते सांगितले. तेव्हा चेहरा पाहता आला असता, मी पाहू दिला नाही, हे मी स्पष्ट शब्दांत बोललो आणि क्षमा मागितली.

मावशी बराच वेळ मेणबत्तीची वात सरळ करीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, फादर. गाडीतल्या त्या मुलानं जाताना सांगितलं होतं. 'आजी, मी उघडणार होतो, पण फादर नको म्हणाले.' घरी जाऊन फार रडले मी."

मला काय बोलावे ते सुचेना. म्हणजे इतकी वर्षे दर रविवारी त्या माझ्याच हातून ख्रिस्तशरीर घेत होत्या, आणि त्यांना सारे ठाऊक होते! मी विचारले, "मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तुम्ही घाबरला होता. सगळेच घाबरले होते. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू? दोन वर्षं तुमच्याकडे पापनिवेदनाला आले नाही. बाजूच्या गावी जात होते. मग एकदा वाटलं, हे असते तर म्हणाले असते, अगं, जाऊ दे." थोडे थांबून त्यांनी विचारले, "पाणी आणलंय का आज?"

पवित्र पाण्याचे पात्र माझ्या हातातच होते. मी उठून त्या कबरीवर पुन्हा एकदा, सावकाश, पाणी शिंपडले. त्यांनी क्रुसाची खूण केली. झाले एवढेच. त्यांनी मला क्षमा केली असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारले नाही.

आता युवक मंडळाच्या प्रश्नाचे उत्तर. हा चित्रपट आपल्या लौकिकाला पात्र आहे का? माझ्या मते, आहे. भयाची नवी तऱ्हा शोधली म्हणून नव्हे. ती तऱ्हा आता शिळी झाली. रक्तामांसाच्या दृश्यांसाठी तर नव्हेच. भ्यालेला माणूस दार कसे लावतो, आणि ते लावताना स्वतःला किती शहाणा समजतो, हे त्याने काहीही न लपवता दाखवले, म्हणून तो पात्र आहे.

त्याचे अपुरेपणही सांगितले पाहिजे. चित्रपटाच्या आरंभी बहीण-भाऊ पित्याच्या कबरीवर फुलांचे चक्र वाहायला येतात. बहीण गुडघे टेकून प्रार्थना करते. भाऊ तिची चेष्टा करतो. बाबांचा चेहरा आपल्याला आता आठवतही नाही, असे तो म्हणतो. त्यानंतर त्या साऱ्या रात्रीत पुन्हा कोणीही प्रार्थनेसाठी गुडघे टेकत नाही. मृतदेह म्हणजे धोका, यापलीकडे या चित्रपटाला काही ठाऊक नाही. आपण मात्र दर रविवारी शरीराच्या पुनरुत्थानावरील श्रद्धा उच्चारतो. ती मनापासून उच्चारायची, तर पिशवीतल्या देहाला चेहरा आहे, आणि त्या चेहऱ्याला पन्नास वर्षे ओळखणारे कोणीतरी फाटकाशी उभे आहे, हे लक्षात ठेवावे लागते. रोमेरोच्या नायकाला आकड्यांनी ओढून सरणावर टाकले, ते दृश्य आपल्याला सहन होत नाही, याचे कारणही तेच असावे : देह ही टाकून देण्याची वस्तू नव्हे, हे अविश्वासू म्हणवणारा प्रेक्षकसुद्धा मनाच्या तळाशी जाणतो.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी मला आनंद यादवांच्या 'झोंबी'ची आपली जुनी प्रत पाठवली. ती आता युवक मंडळाच्या वाचनालयात आहे. आणि येत्या ऑक्टोबरमध्ये ज्या क्रुसांना वाली नाही त्यांना चुना लावण्याचे काम मंडळातल्या सहा मुलांनी अंगावर घेतले आहे. सातवे नाव मी माझे लिहिले आहे.